म्हात्रे सर आणि प्रोफेसर ज्वालामुख

म्हात्रे सरांच्या चेहऱ्याची उजवी बाजू भाजलेली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण ते स्वतःही आधीच सांगून टाकायचे. अकरावीच्या नव्या वर्गावर पहिल्या दिवशी गेले की हजेरीच्याही आधी टेबलासमोर येऊन उभे राहत आणि म्हणत, "नीट बघून घ्या. मी थांबतो. सगळ्यांचं बघून झालं की फळ्याकडे बघायचं, कारण परीक्षेला माझ्या तोंडावर प्रश्न येत नाही."

उजवी भुवई नव्हती, कान अर्धा होता आणि ओठाचा कोपरा कायमचा जरा वर ओढला गेला होता. त्यामुळे ते सतत कुणाला तरी हसतायत असं वाटायचं. बहुतेक वेळा ते खरंच हसत असायचे.

वसईतल्या एका ज्युनिअर कॉलेजात आम्ही बरीच वर्षं बरोबर होतो. मी मराठी शिकवायचे, ते रसायनशास्त्र. शिवाय एव्हरशाईन सिटीत आमची इमारतही एकच. मी दुसऱ्या मजल्यावर, ते चौथ्यावर, एकटे. सहकाऱ्यांना ते नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. मी 'मराठी', भूगोलाच्या सावेबाई 'भूगोल', प्राचार्य मूळचे इतिहासाचे म्हणून 'इतिहास', आणि तेही अशा सुरात की ते जमा झालेत असं वाटावं.

सर कायम लिफ्टने जायचे. भाजलेला चेहरा एवढ्याशा जागेत अचानक समोर आला की लहान मुलं आईच्या मागे लपत. एकदा एका बाईने सुचवलं, "सर, जिन्याने गेलात तर व्यायामही होईल." सर म्हणाले, "तुमच्या मुलाला घेऊन तुम्हीच जा की जिन्याने. मला घाबरायला होत नाही."

चेहरा कसा भाजला, हा प्रश्न लोक सरळ विचारत नसत, पण सगळ्यांना उत्तर हवं असायचं. रसायनशास्त्राचा मास्तर आहे म्हटल्यावर लोकांनी मनाशी अॅसिड धरलेलंच असायचं. सर कुणालाच निराश करत नसत. शिपायाला त्यांनी प्रयोगशाळेतल्या स्फोटाची गोष्ट सांगितली होती. भूगोलाला सांगितलं होतं की एका मुलीच्या भावांनी अॅसिड फेकलं. सोसायटीच्या वॉचमनला सैन्यातली काहीतरी भानगड. मला म्हणाले, "गोष्ट लागते हो लोकांना. व्हिलनला आधी एक अपघात लागतो, मग त्या अपघाताने त्याचा स्वभाव बिघडतो. माझं तसं नाही. माझा स्वभाव अपघाताच्या आधीपासून वाईट आहे."

खरं काय ते मला त्यांच्या आईकडून कळलं. आगाशीच्या पुढे खाडीच्या बाजूला त्यांचं गाव. थोडी शेती, घरापुढे केळी. एका रविवारी मी कॉलेजच्या कामाने तिकडे गेले होते, तेव्हा ते मला घरी घेऊन गेले. ओटीवर बसून म्हातारी शेंगा सोलत होती. सर आत गेले तशी ती आपणहून म्हणाली, "तुमाला पन वाटत आसंल ना, कशानं झाला? आंगोळीचा पानी तापत होता. ह्यो धावत आला नि हंड्यावर पडला. चार वर्साचा होता. बस. दुसरा काय नाय."

एवढंच. तापलेल्या पाण्याचा हंडा. घरोघरी तेव्हा असायचा तसा.

या माणसाला सुपरहिरोंच्या कॉमिक्सचा इतका तिटकारा का, हे मला सुरुवातीला कळत नसे. तिटकारा असलेला माणूस ती गोष्ट लांब ठेवतो. यांच्या घरी कॉमिक्सचे ढीग होते. रद्दीवाल्याकडून आणायचे, वाचायचे आणि स्टाफरूममध्ये येऊन आमच्यासमोर त्यांची चिरफाड करायचे. डबा खाता खाता आम्हाला ते सगळं ऐकावं लागे.

"हिरोचं काय, जबडा. जबडा चौकोनी असला की बाकी काही लागत नाही. आईबाप आधीच मेलेले, म्हणजे घरी कुणी विचारायला नको, कुठे होतास म्हणून. हिरॉईन अशी उभी की पुढून आणि मागून एकदमच दिसली पाहिजे. तसं उभं राहायचं तर मणका मोडायला लागतो, पण तिला काही होत नाही, कारण तिला मणकाच नसतो. एक काळा मित्र असतो, तो विनोद करतो आणि मधल्या पानावर मरतो. तो मेला म्हणजे हिरोला राग येतो. त्याचं काम तेवढंच, राग आणून देणं. एक म्हातारा असतो, पूर्वेकडचा, डोंगरावरचा. त्याला सगळं येतं, पण स्वतः काही करत नाही. आणि मग आम्ही."

"आम्ही कोण?" भूगोलाने एकदा विचारलं.

"आम्ही म्हणजे टकले, भाजलेले, कुबडे, लंगडे, शास्त्रज्ञ आणि बिनलग्नाचे. माझ्यात कुबड सोडून सगळं बसतं."

"तुम्ही लंगडत नाही," मी म्हटलं.

"वय होऊ दे."

गावात लहानपणी मुलं खेळायची तेव्हा कोण कोण होणार यावरून भांडणं व्हायची. प्रत्येकाला हिरो व्हायचं असायचं. सरांच्या बाबतीत कधी भांडण झालं नाही. "माझी भूमिका जन्मभरासाठी ठरलेली. मार खायचा, मरायचं, आणि घरी जाऊन जेवायचं," असं ते सांगत. सांगताना चेहऱ्यावर काहीच हलत नसे. भाजलेल्या बाजूला हलण्यासारखं फार उरलंही नव्हतं.

त्या वर्षी कॉलेजच्या वार्षिकांकाचं संपादन माझ्याकडे होतं. कविता, प्रवासवर्णनं, 'आई' या विषयावरचे सालाबादचे निबंध, असा मजकूर गोळा होत होता. त्यात बारावी सायन्सच्या रिया सावंतने एक कॉमिक आणून दिलं. वडील नोकरीनिमित्त सिंधुदुर्गातून आलेले, राहायला एव्हरशाईनमध्येच. मुलीचा हात चांगला होता. वसईचा किल्ला तिने असा काढला होता की भिंतींवरचं शेवाळ हाताला लागेल.

कॉमिकचं नाव 'बुरूजमॅन'. टॉवरमध्ये राहणारा एक गोरा, अनाथ, चौकोनी जबड्याचा मुलगा किल्ल्यात जातो, बुरुजावर वीज पडते आणि त्याच्या अंगात दगडाची ताकद येते. त्याचा मित्र पान्या. पान्या जाडा, काळा, गावठी. सारखा खातो, घाबरतो आणि 'पानी, पानी' करतो. त्याच्या बोलण्यात 'ण' म्हणून येत नाही, आणि विनोद म्हणायचा तर तेवढाच. एक नेहा आहे, तिला पळवून नेतात. पळवून नेणाराचं नाव प्रोफेसर ज्वालामुख. अर्धा चेहरा भाजलेला, अंगात पांढरा कोट, हातात चंबू.

मी ते प्राचार्यांकडे नेलं, कारण न नेऊन चाललं नसतं. प्राचार्य हादरले. त्यांनी रियाला बोलावलं, तिच्या वडिलांना बोलावण्याची धमकी दिली आणि शेवटी म्हात्रे सरांना बोलावलं. तोंडावर अतोनात सहानुभूती आणून ते म्हणाले, "सर, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. ही मुलगी तुमची माफी मागेल."

सरांनी कॉमिक घेतलं, खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून सावकाश वाचलं. रिया भिंतीला टेकून उभी होती. तिच्या ओढणीच्या टोकाची पिळून पिळून दोरी झाली होती.

"ही डावी बाजू आहे," सर म्हणाले.

कुणाला काही कळेना.

"माझी उजवी भाजलेली आहे. वर्षभर समोर बसून हेही दिसलं नाही? निरीक्षण शून्य. प्रॅक्टिकलला असंच करत असणार." मग त्यांनी पान उलटलं. "वसईच्या विहिरी खाऱ्या करायचा माझा बेत आहे. त्या आहेतच खाऱ्या, त्याला व्हिलन कशाला लागतो? टॉवरवाले टँकर मागवतात ते काय हौसेने? पण ते असू दे. हा कोण?"

त्यांनी पान्यावर बोट ठेवलं होतं.

"हिरोचा मित्र, सर."

"मूर्ख का आहे?"

"सर, ते... कॉमेडी म्हणून."

"हा 'पानी' म्हणतो. माझी आई 'पानी' म्हणते. मी घरी 'पानी' म्हणतो. आणि इथे मी, म्हणजे तुझा ज्वालामुख, पुस्तकासारखं शुद्ध बोलतोय. म्हणजे आमच्या गावचा माणूस तुझ्याकडे आला की एक तर अक्कल घालवून येणार, नाहीतर भाषा घालवून. दोन्ही घेऊन येणारा तुला एकही भेटला नाही?"

प्राचार्य म्हणाले, "सर, माफीचं..."

"माफी कसली? माझं तोंड काढलं तर काढलं, ते आहे. पण गोष्ट चोरलेली आहे. ती परत कर आणि स्वतःची आण." आणि ते तासाला निघून गेले.

रियाने सगळं नव्याने काढलं. पंधरवड्याने ती पानं घेऊन स्टाफरूममध्ये आली. या खेपेला भाजलेली बाजू बरोबर होती. पान्या आता हुशार झाला होता, इतका की त्याला कॉम्प्युटरही येत होता. आणि शेवटच्या पानावर ज्वालामुखाला पश्चात्ताप होऊन तो मुलांना वाचवताना स्वतः मरत होता. आकाशातून त्याचा पूर्ण, न भाजलेला चेहरा हसत होता.

सरांनी ते पान बराच वेळ समोर धरलं. "मारलंस ते मारलंस," ते म्हणाले, "पण चांगला करून मारलंस. आणि मेल्यावर चेहराही दुरुस्त करून दिलास. जिवंतपणी मी कुठल्या खोक्यात होतो ते तरी माहीत होतं. हे दुसरं खोकं पहिल्यापेक्षा वाईट. याला हार घालतात."

रियाने पानं गोळा केली. मला वाटलं ही आता रडणार. ती दारापर्यंत गेली, थांबली आणि वळली.

"सर, तुम्हीपण तेच करता."

"काय करतो?"

"शेवटच्या तीन बाकांना तुम्ही 'गाळ' म्हणता. सगळ्यांना एकदम. तिथे कोण बसतं ते तुम्हाला माहितीये? एकाचं तरी नाव सांगा. या मॅडमना नाव आहे, तुम्ही 'मराठी' म्हणता. तुमचं पण कॉमिकच चाललंय, सर. फक्त चित्रं नाहीत."

भूगोलाचा घास तोंडातच राहिला. मी सरांकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहत होते, आणि ओठाचा तो वर ओढलेला कोपराही त्या वेळी हसत नव्हता.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "जा."

लोकांना वाटेल की यानंतर ते सुधारले. तसलं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात मागच्या तीन बाकांवरच्या प्रत्येकाला उभं करून नाव विचारलं, कुठून येतो, घरी काय करतात, सगळं विचारलं, आणि त्यानंतर वर्षभर ते प्रत्येकाचा स्वतंत्र अपमान करू लागले. "परेरा, तू मठ्ठ नाहीस, तू आळशी आहेस, मठ्ठ तो तुझ्या शेजारचा यादव, आणि तोसुद्धा फक्त समीकरणांपुरता." मुलं म्हणायची, आधीचं बरं होतं, पण हे सांगताना ती हसायची. मला मात्र ते शेवटपर्यंत 'मराठी'च म्हणत राहिले. एकदा मी तक्रार केली तर म्हणाले, "तुमचं नाव मला माहीत आहे. वापरत नाही एवढंच."

अंक छापायला जायच्या जरा आधी रियाने चार पानं आणून दिली. त्यात बुरूजमॅन नव्हता, वीज नव्हती, कुणाला पळवलेलं नव्हतं. एका प्रयोगशाळेतला एक तास होता. भाजलेल्या चेहऱ्याचा एक मास्तर मुलांच्या चुका काढत हिंडतो, एका मुलीच्या हातून नळी फुटते, तो तिला वाट्टेल ते बोलतो आणि बोलता बोलता तिच्या पायाजवळच्या काचा स्वतः उचलतो. घंटा होते. मुलं जातात. संपलं.

मी ती पानं सरांना दाखवली. त्यांनी ती उजेडाला नेऊन पाहिली.

"नाक चुकलंय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी मोठी स्तुती मी त्याआधी ऐकली नव्हती.

पुढच्या वर्षी आमच्या इमारतीत गॅसचा प्रकार झाला. सरांच्या शेजारच्या दारात एक आजी राहायच्या. मुलगा-सून कामावर, आजी दुपारच्या झोपलेल्या, आणि शेगडीवर दूध उतू जाऊन ज्योत विझलेली. वास जिन्यात आला तशी माणसं जमली. मीही वर गेले. एकजण बेल दाबायला पुढे झाला तेव्हा सर स्वतःच्या दारातून ओरडले, "हात लावू नको बेलला! ठिणगी पडली तर तुझ्यासकट मजला जाईल. लाईट लावू नका, कुणी फोन काढू नका. गर्दी नको, खाली चला." समोरच्यांकडे आजींची जादा किल्ली होती. सरांनी ती घेतली, तोंडाला ओला रुमाल बांधला आणि आत गेले. शेगडी बंद केली, रेग्युलेटर फिरवला, खिडक्या उघडल्या आणि आजींना हाताला धरून बाहेर आणलं. आजी पहिल्यांदा काय म्हणाल्या तर, "दूध गेलं का सगळं?"

सोसायटीला आता म्हात्रे सरांचं काय करावं ते सुचेना. शेवटी महाराष्ट्र दिनी सत्कार ठरला. त्या दिवशी आवारात मांडव घातला, स्पीकरवर गाणी लागली. सुपरहिरो म्हणून मुलांनी मुखवटे घातले होते, पाठीवर चादरी बांधल्या होत्या. शाल आणि नारळाऐवजी काहीतरी वेगळं करायचं कमिटीच्या मनात आलं होतं. त्यांनी सरांसाठी लाल सॅटीनची, पाठीवर लोळणारी झूल शिवून घेतली होती. सुपरहिरोची. त्यावर सोनेरी अक्षरांत 'म' काढला होता. चेअरमननी ती सरांच्या गळ्यात बांधली आणि माईक घेतला.

"चेहऱ्यावर जाऊ नका, मन बघा! ज्यांना आपली मुलं घाबरत होती, त्यांच्या आत एक देवमाणूस दडलेला होता."

टाळ्या झाल्या. सरांनी झुलीची गाठ सोडली, तिची व्यवस्थित घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि माईक मागून घेतला.

"गॅस बंद करायला हात लागतो," ते म्हणाले. "चेहरा लागत नाही आणि मनही लागत नाही. परवापर्यंत मी तुमच्याकडे मुलांना जेवू घालायच्या कामी येत होतो. 'जेव, नाहीतर म्हात्रे काका येतील.' मला सगळं ऐकू येतं, माझा कान अर्धाच गेलाय. आता तुम्ही मला देवमाणूस केलंत. तेव्हाही माझ्याकडे कुणी बघितलं नाही आणि आत्ताही कुणी बघत नाही. मी देवमाणूस नाही. पार्किंगवरून भांडणं मीच काढतो. तुमची ही गाणी मला अजिबात सहन होत नाहीत. आणि ज्या आजींना मी बाहेर काढलं त्या मला मुळीच आवडत नाहीत. रोज सकाळी स्वतःचा कचरा माझ्या दारासमोर लोटतात. तरी काढलं. कारण आत गॅस होता."

पुढच्या रांगेतून आजींचा आवाज आला, "तूपण मला आवडत नाहीस, मेल्या!"

"बघा," सर माईकवर म्हणाले. "आख्ख्या सोसायटीत एवढी एकच बाई माझ्याशी माणसासारखी बोलते."

कार्यक्रम तिथेच आटोपला. वडे कुणी धड खाल्ले नाहीत. चेअरमन त्यानंतर सरांना नमस्कार करीनासे झाले आणि 'माणूसघाणा' हा शब्द आमच्या इमारतीत बराच वापरात आला. त्या दिवशी मात्र सर लिफ्टने गेले नाहीत. माझ्याबरोबर जिना चढले. माझ्या मजल्यावर आल्यावर कठड्याला धरून उभे राहिले. झूल कुणीतरी जबरदस्तीने त्यांच्या हातात दिली होती.

"जास्त झालं का, मराठी?"

त्यांनी असं कधी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

"थोडं झालं," मी म्हटलं.

ते मान हलवत राहिले. "लहानपणापासून ठरवलं होतं, एकदा माईक मिळाला तर बोलायचं. मिळाला तेव्हा समोर हीच माणसं होती. दुसरी कुठून आणू?" आणि ते वर गेले.

त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये आमच्याबरोबर सहासात वर्षांची एक मुलगी होती. तिने सरांकडे मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "काका, दुखतं का?" तिच्या आईने तिचा हात ओढला. सर म्हणाले, "नाही. उन्हात खाजतं." मुलगी म्हणाली, "मला घामोळं येतं तसं?" "तसंच," सर म्हणाले. माझा मजला येऊन मी उतरले तरी दोघं घामोळ्यावर बोलत होती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी फ्लॅट विकला आणि गावी आईजवळ गेले. आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. मी भेटायला गेले होते तेव्हा सर ओटीवर एकटेच बसले होते. मी निघताना म्हणाले, "पानी पिऊन जा." तेवढंच.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आगाशीच्या बाजारात. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घ्यायला गेले होते. एका फोटो स्टुडिओतून ओळखीचा चढा आवाज आला म्हणून आत डोकावले. सर पेन्शनच्या कागदांसाठी फोटो काढायला आले होते. स्टुडिओवाला, चाळिशीतला, मोठ्या समाधानाने कॉम्प्युटरसमोर बसला होता. पडद्यावर एक गुळगुळीत, गोरा गृहस्थ होता. दोन भुवया, दोन कान, ओठ सरळ.

"हा कोण?" सर विचारत होते.

"तुम्हीच, सर. मी नीट करून दिलंय. त्याचे वेगळे पैसे नाही घेत."

"हा माझा भाऊ असता तर आईने माझ्याकडे बघितलंही नसतं. कान काढ."

"सर, चांगलं दिसतंय ओ..."

"कान काढ म्हणतो ना."

स्टुडिओवाल्याने सुस्कारा टाकून माऊस हातात घेतला. सर त्याच्या पाठीमागे उभे राहिले, पूर्वी प्रॅक्टिकलला मुलांच्या पाठीमागे राहायचे तसे. "आता भुवई. सगळी. हां. गालाचं ते खालचं राहिलं. ओठ वर घे." एकेक करत तो गृहस्थ पुसला गेला आणि पडद्यावर म्हात्रे सर येऊ लागले. मी दारातच उभी होते. त्यांनी मला पाहिलं, नुसती मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे वळले. जवळ वाकले. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहत राहिले.

"मग कागदांपुरत्याच कॉप्या काढू ना?" स्टुडिओवाल्याने कंटाळून विचारलं.

"नको. जास्त काढ," म्हात्रे सर म्हणाले. "आता नीट आलाय."